खालचा पाइप

ते पाणी चाखायचे. प्यायचे नाहीत, चाखायचे.

दौऱ्यावर गाडी कुठं थांबली की साहेब ग्रामपंचायतीत चहाला जायचे आणि हे विहिरीकडं, हातपंपाकडं, नाहीतर कुणाच्या दारातल्या रांजणाकडं. ओंजळभर पाणी घेऊन जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटून थोडं उभं राहायचे आणि थुंकून टाकायचे. मग जवळ जी कुणी बाई पाणी भरत असेल तिला विचारायचे, "बाई, इथं डाळ शिजते का?"

बायांना प्रश्न बरोबर कळायचा. "नाय ओ, लई येळ घेती. सोडा टाकावा लागतो," असं एखादी म्हणाली की त्या गावावर काट. जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते रेडिएटरमध्ये घातलं की आत पांढरी खपली धरते, बारीक नळ्या बुजतात, इंजिन तापतं. हे त्यांचं शास्त्र. सगळा जिल्हा त्यांच्या डोक्यात पाण्यावरून मांडलेला होता. मी नोकरीला लागलो त्या दिवशी पाचोडकडचा आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "पाचोड? बाजार के बाजू की विहीर अच्छी है. स्टँड की नको." आमची ओळख झाली ती अशी.

बायांना कळायचं ते साहेबलोकांना कळायचं नाही. एकदा मुंबईहून एक वरिष्ठ आले होते. त्यांचा कसला तरी प्रस्ताव आमच्याकडं अडून बसला होता, तो सुटेना म्हणून ते स्वतः आले होते. त्यांना स्टेशनवर सोडताना यांनी मोठ्या अदबीनं, खास मराठीत विचारलं, "साहेब, तुमच्याकडं डाळ शिजते का?" वरिष्ठांचा चेहरा लाल झाला. आमच्या साहेबांना त्यांची समजूत काढायला नंतर दोन फोन करावे लागले. यांना शेवटपर्यंत कळलं नाही की बिघडलं काय. "मैंने तो पानी का पूछ्या," एवढंच म्हणत राहिले.

ते आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामू म्हणायचे, साहेबसुद्धा. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावापुढं एकदा एक शब्द लिहिला गेला, आणि तो लिहिला जात होता तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर बसलेलो होतो. त्यानंतर ते नाव छापायला द्यायचा हक्क मला राहिला असं वाटत नाही.

गाडी म्हणजे गोल पाठीची, पांढरी, डिझेलवर चालणारी. आमच्याकडं आली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्या ऑफिसात सरलेलं होतं. आवाज असा करायची की साहेब पार शहागंजच्या चौकात असले तरी आम्हाला कचेरीत कळायचं, आणि टेबलावरचे पाय खाली यायचे. तिच्या तेलाचं, टायरचं मामूंना फारसं पडलेलं नव्हतं. ते काम कुणीही करतं म्हणायचे. त्यांचा जीव पाण्यात.

गाडी थांबली की ते उतरून बॉनेटवर उजवा तळवा ठेवायचे. मिनिटभर. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. मग बॉनेट उघडून वरच्या रबरी पाइपला हात, खालच्या पाइपला हात. वरचा चटका देणारा आणि खालचा कोमट असला की मान डोलवायचे. "ऊपर से बुखार जाता, नीचे से आराम आता," असं मला समजावलं होतं. रेडिएटरचं झाकण उघडायला एक वेगळं लाल फडकं होतं, त्याला दुसरं काही पुसायचं नाही. गरम असताना झाकण उघडायचंच नाही. उघडायचं झालं तर अर्धा फेरा फिरवून थांबायचं, वाफ जाऊ द्यायची. त्या अर्ध्या फेऱ्याला ते सलाम म्हणायचे. "पहले सलाम, बाद में मुलाकात."

तापमानाच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वो काटा सरकारी है बाबू. आग लगने के बाद खबर देता."

दर तीन महिन्यांनी ते इंजिनातला थर्मोस्टॅट काढून तपासायचे. मुठीत मावणारी पितळी वस्तू. इंजिन थंड असताना ती पाण्याची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. शहरातले बाकीचे ड्रायव्हर ती काढून फेकून द्यायचे; आपल्याकडच्या उन्हात कशाला हवी म्हणायचे. मामूंना ते अज्ञान वाटायचं. "इंजन को थोडा बुखार होनाच होना. थंडे इंजन में जान नहीं रहती." तर हा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून ते कँटीनमधल्या चहाच्या उकळत्या पातेल्यात सोडायचे, कारण उकळतं पाणी ऑफिसात दुसरीकडं कुठंच नव्हतं. कँटीनवाला बोंबलायचा.

"ओ मामू! च्यात काय बुडवायलात?"

"पानी है अभी. पत्ती किधर डाली तूने?"

"तेच पाणी माणसं पिणारेत ना!"

"तो क्या हुआ? तेरी चाय से तो गाड़ी का पुर्जा साफ रहता."

पितळी झडप हळूहळू उघडायची आणि मामूंचा चेहराही तिच्याबरोबर. "देखो, देखो, आँख खोली," म्हणून ते आम्हाला बोलवायचे. आम्ही हसायचो. मीही हसायचो. पण जाऊन बघायचो.

त्यांचं लिहिणं-वाचणं उर्दूत. पोलीस ॲक्शनच्या आधी ते शाळेत होते, चार-पाच इयत्ता झालेल्या. नंतर राज्य बदललं, ऑफिसची भाषा बदलली, आणि त्यांची शाळा होती तिथंच राहिली. मराठी बोलायचे झकास, अगदी 'व्हय' आणि 'नाय'सकट, पण कागद समोर आला की चष्मा शोधायचं नाटक करायचे. गाडीचं लॉगबुक मी भरायचो. ते सांगायचे, मी लिहायचो, ते उर्दूत सही करायचे. त्यांना एकच मुलगी, ती डी.एड. करत होती, मराठी माध्यमातून. तिचा त्यांना एवढा अभिमान होता की रस्त्यावरच्या पाट्या ते तिच्या नावानं वाचायचे. "मेरी बेटी ये फटाफट पढती," म्हणायचे. स्वतः वाचता येत नसलेली पाटी.

स्वतःसाठी मात्र त्यांच्या चिठ्ठ्या चालू असायच्या. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर उर्दूत काहीतरी लिहून स्टिअरिंगला दोऱ्यानं बांधायचे. कधी ऑइल बदलल्याची तारीख, कधी बॅटरीच्या सेलमध्ये पाणी घातल्याची खूण, आणि प्रवास लांबचा असला की एक दुआ. आम्हाला सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच. त्यातली दुआ कुठली आणि तारीख कुठली हे ऑफिसात कुणालाच कळत नव्हतं, आणि कळून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही.

मला गाडी त्यांनी शिकवली. पहाटे, मैदानावर, पेपरवाले निघायच्या आधी. हे नियमात बसत नव्हतं, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. मी सायकलवर येणारा जावक कारकून. मला गाडी चालवता येते हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक मी, एक ते. ही गोष्ट पुढं किती उपयोगी पडणार होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उपयोगी म्हणजे मला.

शिकवताना त्यांनी पहिलं गिअर सांगितलं नाही. पहिलं सांगितलं ते हे: गाडी तापून बंद पडली तर गार पाणी ओतायचं नाही. थांबायचं. नमाज पढून व्हावी एवढा वेळ थांबायचं, "तेरे कू नमाज नहीं आती तो बैठ के चने खा." मग इंजिन चालू करून एक-एक तांब्या, धार धरून. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो. एवढं त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं होतं, शाळेत पाढे म्हणायला लावतात तसं.

आता सांगतो.

लासूर स्टेशनला माझ्या सख्ख्या मामांनी मला एक स्थळ पाहिलं होतं. आडतीचं दुकान असलेलं घर. रविवारी बघायचा कार्यक्रम. मी एस.टी.नं गेलो असतो तरी चाललं असतं. मामा म्हणालेच होते, पोरगा सरकारी नोकरीत आहे एवढं त्यांना पुरे. मला पुरेना. साहेब मुंबईला मीटिंगला. गाडीची दुसरी किल्ली माझ्याच कपाटात. रविवारी सकाळी वॉचमन बाजाराला गेलेला असायचा. किलोमीटरचा काटा वर्षभर बंद पडलेला. सगळं असं जुळून आलेलं होतं की चोरी करतोय असं वाटलंच नाही.

शनिवारी मी शर्ट शिवायला टाकला होता त्या शिंप्याकडं जायचं म्हणून लवकर निघालो होतो. एरवी मामू संध्याकाळी मला सांगून जायचे, गाडीत काय केलं, काय राहिलं. त्या दिवशी मी भेटलो नाही.

रविवारी गाडीत बसलो तर स्टिअरिंगला चिठ्ठी. पिवळसर पुठ्ठा, चार ओळी उर्दूत, खाली दोन रेघा. मला वाटलं, दुआ असेल. बरंही वाटलं, चांगल्या कामाला निघालो होतो. दोरा सोडून ती मी खिशात घातली, परत आल्यावर बांधू म्हणून.

लासूरला गाडी दारात उभी राहिली तेव्हा जे व्हायचं ते झालं. पोरं गोळा झाली, शेजारचे लोक ओट्यावर आले. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीच्या धाकट्या भावंडांना घेऊन मी गावातून दोन चकरा मारल्या, दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत. वैशाखातली दुपार होती. गाव सोडून पाच-सहा किलोमीटर आलो असेन आणि काटा लाल रेघेवर गेला. मामूंनी सांगितलंच होतं, तो उशिरा खबर देतो. बॉनेट उघडलं तर खालचा पाइप फाटलेला, पाणी सगळं रस्त्यावर.

समोर शेतात एक माणूस होता, बांधावर त्याची सायकल पडलेली होती. त्या माणसाकडून ट्यूबचा तुकडा मागून घेतला, पाइपला गच्च बांधला. त्यानंच बादली भरून दिली, हातपंपाची. म्हणाला, "थांबा जरा, लई तापलंय." मी घड्याळ बघितलं. वॉचमन तीनला परत येतो. मी बादली उचलली आणि ओतली.

टक्.

एवढाच आवाज आला. कुणी बोटं मोडावीत तसा.

गाडी परत आणली, थांबत थांबत, पाणी घालत घालत, पांढरा धूर सोडत. जागच्या जागी लावली. ट्यूबचा तुकडा सोडून फेकून दिला. वॉचमन अजून यायचा होता. चिठ्ठी मात्र बांधायची विसरलो. म्हणजे, खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. खिशाला हात गेला होता, तेवढ्यात फाटकाबाहेर कुणाचा तरी आवाज आला आणि मी निघालो.

सोमवारी सकाळी मामू नवा पाइप घेऊन आले. माझ्या टेबलावरून अंगण दिसायचं. त्यांनी बॉनेट उघडलं. मग खाली वाकले, फाटक्या पाइपात थोडं पाणी राहिलं होतं त्यात बोट बुडवलं आणि बोट जिभेला लावलं. डोळे मिटले. उघडले तेव्हा सरळ माझ्या खिडकीकडं बघितलं. मचूळ पाणी होतं ते, त्या रस्त्यावरचं, आणि त्यांना तो रस्ता पाठ होता. मला बघायला लासूरवाल्यांनी बोलावलंय हे मीच त्यांना पेढा देऊन सांगितलेलं.

त्यांनी बॉनेट बंद केलं. लाल फडक्यानं हात पुसले. त्या फडक्याला दुसरं काही पुसायचं नसतं.

मेकॅनिकनं इंजिनच्या हेडला तडा आहे सांगितलं. साहेब मुंबईहून परतले, त्यांनी मामूंना बोलावलं. मी शेजारी फाइल लावत होतो, अंगावर रविवारचाच नवा शर्ट.

"उभ्या गाडीच्या हेडला तडा जातो का मामू?"

"नहीं जाता साहब."

"मग गाडी कुणी बाहेर नेली?"

मामू लाल फडक्याची घडी घालत होते.

"चालवता येतं तुम्हाला एकट्याला. बरं, पाइप खराब होता हे तुम्हाला माहीत होतं म्हणता. मग बदलला का नाही?"

"सनीचर को दुकान बंद हो गया था साहब. मैंने लिख के लगाया था ना, स्टेरिंग को. नीचे का पाइप फूल गया है, गाडी हिलाना नको, पीर को, सोमवार को बदलता."

"कुठंय चिठ्ठी?"

"वोच नहीं दिख री."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हते ते. माझ्याकडं बघून म्हणाले, "चिठ्ठी म्हणे." आणि मीही हसलो. थोडंसं. चिठ्ठी माझ्या छातीवर होती, खिशात, कापडाला टोचत होती. दुआ नव्हती ती, हे मला त्या क्षणी कळलं. त्या दिवशी मी ती बाहेर काढली असती तर माझी नोकरी गेली असती, कदाचित नसतीही. लग्न मोडलं असतं, कदाचित नसतं. हे सगळे हिशेब मी नंतर केले. तेव्हा मी फाइलीला दोरी बांधत होतो.

दुपारी कँटीनमध्ये गेलो आणि ती चिठ्ठी चुलीत टाकली. कँटीनवाला म्हणाला, "काय ओ, प्रेमपत्र जाळायलात का?" मी म्हणालो, "व्हय."

साहेबांनी मामूंना सांगितलं, गाडी खासगी कामाला नेली असं लिहिलं तर तुमचं कठीण होईल, तुमचं वय बघून मी सौम्य लिहितो. आणि मेमो निघाला. मसुदा साहेबांनी लिहिला, टाइप मीच केला. दुसऱ्या दिवशी मामू तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. चष्मा शोधायचं नाटक केलं नाही.

"बाबू, पढ के बताओ. घर पे नहीं दिखाने का. बेटी मराठी पढती."

मी वाचला. एका शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. "ये क्या है? निष्..."

"निष्काळजीपणा."

"बोले तो?"

मी बराच वेळ शब्द शोधत असल्यासारखं केलं. माझ्याजवळ तो होता. "लापरवाही, मामू."

ते खुर्चीवर बसले. ऑफिसातल्या खुर्चीवर मी त्यांना त्याआधी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. कागद माझ्या हातातून घेऊन त्या शब्दावर बोट ठेवलं, जणू बोटाला वाचता येईल.

"चोर लिखना बोलो साहब को," ते म्हणाले. "गाडी लेके गया, घूम्या, चोरी किया, ऐसा लिखो. मैं साइन करता. लापरवाह नको, बाबू."

मी म्हणालो, "आता काही होत नाही मामू. नोंद झाली."

ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. बॉनेटवर हात ठेवून बघायचे तसं. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि उठले.

त्यांना गाडीवरून काढलं. निवृत्तीला आठ महिने होते, ते त्यांनी फाटकाजवळच्या स्टुलावर काढले, टपाल पोचवत. नवा ड्रायव्हर आला. त्यानं पहिल्या आठवड्यात थर्मोस्टॅट काढून टाकला, आणि ऑफिसच्या बोअरचं पाणी घालायला सुरुवात केली, ज्या पाण्यात कँटीनची डाळ कधीही शिजली नाही. मामू स्टुलावरून बघायचे. एकदा गाडी दौऱ्यावरून आली, वाफ येत होती. मामू उठले, गेले आणि बॉनेटवर तळवा ठेवला.

"मामू," नवा ड्रायव्हर म्हणाला, "गाडीला हात लावायचा नाय. साहेबांनी सांगितलंय."

त्यांनी हात उचलला. पँटला पुसला, मळलेला असल्यासारखा, आणि स्टुलावर येऊन बसले. मी खिडकीतून बघितलं आणि जावक रजिस्टर उघडलं.

आमच्याकडं पद्धत होती, अजूनही आहे, की निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी ऑफिसच्या गाडीतून घरी सोडायचं. बॉनेटला हार, मागच्या सीटवर तो माणूस आणि नारळ. किती जणांना मामूंनीच असं घरी पोचवलं होतं. त्यांचा दिवस आला तेव्हा भाषणं झाली, मीही चार शब्द बोललो. काय बोललो ते आठवत नाही, आणि आठवलं तरी इथं लिहिणार नाही. गाडी तयार होती. मामू अंगणात आले, गाडीकडं बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "मैं पैदल जाता साहब. पास मेंच है." कुणी कितीही सांगितलं तरी बसले नाहीत.

मी त्यांच्याबरोबर निघालो. सांगायचं ठरवून निघालो होतो. शहागंजापर्यंत आम्ही चालत गेलो. ते हार हातात घेऊन, मी नारळ घेऊन. बाजार भरलेला, हातगाडीवाले, रिक्षा. वाटेत ते बेटीच्या नोकरीचं बोलले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली म्हणून. चौकात थांबले.

"बाबू, कुछ बोलने आए थे?"

"नाही मामू. सहज आलो."

ते लगेच गेले नाहीत. हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा पहिल्या हातात घेतला. एका केळीवाल्याला भाव विचारला, घेतली नाहीत. मला वेळ देत होते, हे तेव्हाही कळत होतं मला. मग त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाले, "ठीक है. घर में सलाम बोलो." घर म्हणजे माझी बायको. लासूरची.

ते त्यानंतर सहा-सात वर्षं होते. मी एकदाही गेलो नाही. ते गेल्याची बातमी ऑफिसात कळली, आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो.

माझ्या सासरी अजून सांगतात, जावई पहिल्यांदा आला तो स्वतः गाडी चालवत. बायको ही गोष्ट आमच्या सुनेला सांगत होती, गेल्या महिन्यात, हसत हसत. "वैशाखात हॉर्न वाजवत आले होते," म्हणाली. मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. सुनेसमोरच. ती हातातली भाजी तशीच धरून बसली. मग म्हणाली, "त्यांच्या घरी कोण आहे आता?" त्या गोष्टीचं नावही तिनं पुन्हा काढलं नाही.

मामूंची मुलगी आता मुख्याध्यापिका आहे. मी तिच्याकडं गेलो. घर मामूंचंच, वर मजला चढलेला. मी कोण ते सांगितलं, तिनं बसा म्हटलं. मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "तो मेमो मी तेव्हाच वाचला होता. गादीखाली ठेवलेला. अब्बांना कधी कळू दिलं नाही."

मी म्हणालो, "मला माफ करा असं म्हणायला मी आलेलो नाही."

"मग?"

मी खिशात चष्मा शोधू लागलो.

"माझी मुलं मोठी आहेत," ती म्हणाली. "नानांना, आपल्या आजोबांना, गाडीवरून का काढलं ते त्यांना माहीत आहे. म्हणजे कागदावर जे लिहिलंय ते माहीत आहे." उठून तिनं शाळेच्या तपासणीचा असतो तसा एक आखीव कागद आणला, आणि पेन. "लिहून द्या. मराठीत."

मी लिहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीनं हात त्याच सरकारी वळणावर गेला. तारीख, विषय, आणि खाली: 'सदर रविवारी शासकीय वाहन माझ्याकडे असताना माझ्या हातून नादुरुस्त झाले. वाहनचालकांनी पाइप खराब असल्याची लेखी सूचना वाहनास लावली होती, ती माझ्याकडून नष्ट झाली.'

तिनं वाचलं. कागद परत माझ्यासमोर ठेवला, पोरांच्या वहीवर ठेवतात तसं 'झाले'वर बोट ठेवलं.

"'झाले' नको," ती म्हणाली. "कोणी केलं ते लिहा."

मी दोन्ही ठिकाणी खोडलं. 'मी नादुरुस्त केले' लिहिलं. 'मी नष्ट केली' लिहिलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शब्द शब्द करत.

"आता सही करा," म्हणाली.